आद्य विश्वातला हायड्रोजन पुन्हा कुणी फोडला?

१९६५ साली अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत शिकणाऱ्या जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन या दोन विद्यार्थ्यांनी एका वर्णपटात जे दिसायला हवं होतं ते दिसत नाही, हे नेमकं हेरलं. वर्णपट होता ३सी ९ या क्वेसारचा, म्हणजे अतिदूरच्या, कृष्णविवराच्या जोरावर झळाळणाऱ्या वस्तूचा, मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून मिळवलेला. त्याची ताम्रसृती २.०१, म्हणजे तिथून निघालेली प्रत्येक तरंगलांबी आपल्यापर्यंत पोचेतो तिप्पट ताणलेली; हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश जुना. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरची, खोल अतिनीलातली. ती इथे ३६६ नॅनोमीटरला, जमिनीवरच्या दुर्बिणीला जेमतेम दिसेल अशा जागी आली होती. वाटेत अखंड, म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेला, हायड्रोजन भरलेला असता, तर या रेषेच्या निळ्या बाजूला वर्णपट काळाठिक्कर पडला असता. तो थोडा मंद झाला होता, इतकंच. दोघांनी हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की दीर्घिकांच्या मधल्या जागेत अखंड हायड्रोजन जवळजवळ उरलेलाच नाही. कशानं तरी त्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवले होते.

मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. न दिसलेल्या अंधारावरून विश्वाच्या इतिहासातलं एक अख्खं पर्व हाती लागलं.

त्या पर्वाला पुनर्आयनीभवन म्हणतात. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी तापमान ३,००० केल्विनपर्यंत उतरलं, तेव्हा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन जोडले जाऊन अखंड अणू बनले. मग तारे पेटेपर्यंत अंधारयुग. अणू पुन्हा फोडायचा तर १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा लागते, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरहून आखूड लांबीचा प्रकाश. आपला सूर्य तो नगण्यच देतो. तो भरपूर ओततात ते दोघेच: अतितप्त, अल्पायुषी महातारे आणि कृष्णविवरांभोवती तापलेला वायू, म्हणजेच क्वेसार. गेली कित्येक दशकं वाद आहे तो या दोघांत.

सुरुवातीला पारडं क्वेसारकडे झुकलेलं असणं स्वाभाविक होतं. दूरवर दिसत होते तेच. पण गणती वाढत गेली तसं कळलं की क्वेसारांची गर्दी ताम्रसृती २ ते ३ च्या आसपास होती आणि त्याआधीच्या काळात ती झपाट्यानं विरळ होत जाते. हायड्रोजन फुटायच्या वेळी ते पुरेसे नव्हतेच. १९९९ मध्ये पिएरो मदाऊ, फ्रान्सेस्को हार्ट आणि मार्टिन रीस यांनी हा हिशेब नीट मांडला, आणि दीर्घिकांमधल्या ताऱ्यांकडे बोट वळलं.

दुसरा पुरावा हेलियमचा, आणि मला तो जास्त पटतो. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. साध्या ताऱ्यांना ते झेपत नाही, क्वेसारना सहज जमतं. सगळं काम क्वेसारनी केलं असतं तर हेलियमही हायड्रोजनच्या मागोमागच फुटला असता. प्रत्यक्षात तो ताम्रसृती ३ च्या सुमारास, म्हणजे शंभरएक कोटी वर्षं उशिरा, नेमका क्वेसारांच्या भरभराटीच्या काळात फुटलेला दिसतो.

दरम्यान गन-पीटरसन यांना अपेक्षित असलेला अंधारही सापडला. २००१ मध्ये स्लोन या आकाश-सर्वेक्षणाला मिळालेल्या ६.२८ ताम्रसृतीच्या क्वेसारचा वर्णपट रॉबर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी तपासला. ८४५ ते ८७१ नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश शून्य. ज्या स्लोन सर्वेक्षणानं हा क्वेसार दिला, त्याचा कॅमेरा त्याच जेम्स गन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला होता. अर्थात दहा हजारांत एक अणू अखंड असला तरी एवढा अंधार पडायला पुरतो. त्यामुळे तिथे हायड्रोजन सगळाच अखंड होता असं नाही, पण शेवट जवळ होता हे ठरलं.

मग २००३ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहानं सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवरून, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रकाशावरून, सांगितलं की हे सारं महास्फोटानंतर अवघ्या २० कोटी वर्षांत घडलं. एवढ्या लवकर कोण पेटलं, यावर शोधनिबंध येऊ लागले. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालानं ती वेळ बरीच पुढे ढकलली: या पर्वाचा मध्य साधारण ७.७ ताम्रसृतीला, म्हणजे ७० कोटी वर्षांच्या आसपास. शेवटही पुढे सरकला. २०१९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गिरीश कुलकर्णी आणि सहकारी यांनी दाखवलं की ताम्रसृती ५.५ च्या खालीही अखंड हायड्रोजनची मोठी बेटं शिल्लक असावीत. 'कधी' बदललं की 'कुणी' हेही बदलतं. लवकरच्या पहाटेला विलक्षण तारे लागतात, उशिराच्या पहाटेला साध्या लहान दीर्घिकाही पुरतात.

माझ्या मते खरी गाठ मात्र प्रकाश किती तयार झाला यात नाही, तो बाहेर किती पडला यात आहे. महातारे जन्मतात ते दाट वायूच्या ढगात, आणि त्यांचा अतिनील प्रकाश तो ढगच गिळून टाकतो. ताऱ्यांचे वारे आणि स्फोट मिळून ढगाला भोकं पाडतात खरे, पण जेमतेम काही दशलक्ष वर्षं जगणारा तारा वाट मोकळी होईतो विझायला आलेला असतो. दिवा घरात आणि दारं बंद, अशी गत. हिशेब जुळायला दहा ते वीस टक्के प्रकाश निसटावा लागतो, आणि त्या काळातला निसटलेला प्रकाश थेट पाहायची सोय नाही, कारण वाटेतला हायड्रोजन तो आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. म्हणून जवळच्या, तशाच स्वभावाच्या दीर्घिका शोधाव्या लागतात.

इथे पुण्याचा मोलाचा हात आहे. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या ३७.५ सेंटीमीटर व्यासाच्या अतिनील दुर्बिणीनं ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाच्या एका तुकड्याकडे २८ तासांहून अधिक वेळ पाहिलं. तिथल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे कनक साहा आणि त्यांच्या गटानं त्या नोंदी घासूनपुसून तपासल्या आणि २०२० मध्ये एयूडीएफएस०१ ही दीर्घिका जाहीर केली. ताम्रसृती १.४२, प्रकाश ९३० कोटी वर्षांपूर्वीचा, मूळ लांबी ६० नॅनोमीटरच्या आसपास, आणि निसटणारा वाटा किमान २० टक्के. हबलचा आरसा २.४ मीटरचा, पण या कामात लहान दुर्बीण सरस ठरली, कारण तिच्या पार्श्वभूमीत गोंगाट कमी होता. हबलनंही २०२२ मध्ये ६६ जवळच्या दीर्घिका तपासून ३५ मध्ये गळती पकडली. लहान, आटोपशीर, निळ्या, धूळ कमी असलेल्या दीर्घिका जास्त गळतात, असं त्यातून दिसलं.

जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण आल्यावर कोडं उलटं झालं. २०२४ मध्ये हाकिम आतेक यांच्या गटानं अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वीय भिंगातून, म्हणजे त्याच्या गुरुत्वानं वाकून मोठ्या झालेल्या प्रतिमेतून, आठ अतिमंद बुटक्या दीर्घिका पाहिल्या. त्या अपेक्षेच्या चौपट आयनीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन उडवणारा, प्रकाश ओतत होत्या. प्रकाश कमी पडतो म्हणणारे आता तो जास्त होतोय म्हणून चिंतेत आहेत: एवढे फोटॉन खरोखर बाहेर पडले असते तर काम प्लांकनं सांगितलेल्या वेळेच्या फार आधी उरकलं असतं. म्हणजे पुन्हा दारं-खिडक्यांचाच प्रश्न. वेबला सापडलेल्या 'लहान लाल ठिपक्यां'मुळे, म्हणजे ज्यांत कृष्णविवरं असावीत अशा आटोपशीर लाल वस्तूंमुळे, कृष्णविवरांचा दावाही परत आला आहे. पण ती दाट वायूत गुरफटलेली दिसतात, त्यामुळे त्यांचा वाटा मोठा असेल असं मला वाटत नाही.

निवाडा प्रकाशाऐवजी खुद्द हायड्रोजनला विचारून होऊ शकतो. अखंड हायड्रोजन २१ सेंटीमीटरची रेडिओ लहर सोडतो आणि ती त्या काळातून ताणली जाऊन १५० मेगाहर्ट्झच्या आसपास येते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं ती ऐकायचा प्रयत्न फार आधीपासून केला. २०११ मध्ये एका गटानं तिचा संकेत जास्तीत जास्त किती जोरदार असू शकतो, याची मर्यादा घातली. २०१३ मध्ये त्याच गटानं ती दुरुस्त करून सैल केली, कारण आकाशगंगेचा झगमगाट गाळताना खरा संकेतही थोडा गाळला जात होता. आता पश्चिम ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर ॲरेचे कमी वारंवारतेचे अँटेना उभे राहत आहेत, भारतही त्यात भागीदार आहे. फुटलेल्या हायड्रोजनचे बुडबुडे त्यात दिसावेत, हा बेत. क्वेसारनी काम केलं असेल तर बुडबुडे मोजके आणि प्रचंड असतील, बुटक्या दीर्घिकांनी केलं असेल तर असंख्य आणि छोटे.