अवकाळीनंतर पाचोळा किती दिवस ओला राहतो?

मंगळवारी रात्री आमच्याकडे अवकाळी कोसळला. बुधवारी सकाळी पानठेल्यावर एकच बोलणं होतं, “आता कायचा वनवा लागते भाऊ, पानी पडलं ना!” मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. त्याच सकाळी मी जंगलाच्या कडेला पडलेली सागाची दहा वाळकी, ओलीचिंब पानं घरी आणली आणि किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तोलली. १३८ ग्रॅम. मग ओसरीवर पसरून ठेवली. गुरुवारी दुपारी ६४ ग्रॅम, शुक्रवारी दुपारी ६२. शेवटी तव्यावर मंद आचेवर उरलासुरला ओलावा काढला, तेव्हा ६० भरली. म्हणजे पावसाला तीन दिवसही झाले नव्हते आणि त्या पानांत जेमतेम दोन ग्रॅम पाणी उरलं होतं. तीन टक्क्यांच्या आसपास.

झाडावरचं हिरवं पान मुळांकडून पाणी मागवतं. गळून पडलेल्या पानाला मुळं नाहीत. भोवतालची हवा राहू देईल तेवढंच पाणी त्याच्यात राहतं. आणि आपल्याकडची हवा एका दिवसात किती पालटते, ते बघा. २२ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १९ ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना ५१ ग्रॅम. पहाटे २२ अंश असताना आर्द्रता ४५ टक्के असेल, तर हवेत साधारण नऊ ग्रॅम वाफ आहे. दुपारी पारा ४० वर गेला तरी वाफ तेवढीच राहते, फक्त मावण्याची जागा अडीचपटीहून जास्त वाढते. आर्द्रता १६-१७ टक्क्यांवर येते. अशा हवेत पहाटे पाचोळ्यात आठेक टक्के ओलावा असतो, दुपारी तीनच टक्के. सकाळचं सागाचं पान हातात मुकाट दुमडतं, दुपारी तेच पापडासारखं मोडतं. हा फरक कानालाही कळतो.

पाचोळ्यात पाणी २५-३० टक्क्यांच्या वर असेल तर आग पुढे सरकत नाही, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी खर्ची पडतात आणि ज्वाळेची उष्णता त्यातच संपते. तीन टक्क्यांना एक ठिणगी पुरते.

जाडीनुसार मात्र वेळ बदलतो. वणव्याचा अभ्यास करणारे जळणाची वर्गवारी तासांत करतात. पान, गवत आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटरपर्यंतची काडी हे ‘एक तासाचं’ जळण: हवेला जुळवून घेण्यासाठी जेवढा बदल हवा, त्याचा ६३ टक्के भाग एका तासात होतो, उरलेल्याचा ६३ टक्के पुढच्या तासात. चहा निवतो तसंच हे गणित. अडीच सेंटिमीटरपर्यंतची फांदी दहा तासांची, साडेसात सेंटिमीटरपर्यंतची शंभर तासांची, आणि त्याहून जाड ओंडका हजार तासांचा, म्हणजे जवळजवळ सहा आठवड्यांचा. अवकाळी ओंडक्याला आठवडेभर आठवतो, पाचोळा तो दोन दिवसांत विसरतो. वणवा पसरतो तो पाचोळ्यातून.

म्हणून फेब्रुवारीअखेर हवामान विभाग मार्च ते मे या महिन्यांचा जो अंदाज देतो, तो वाचताना भान ठेवावं. तीन महिन्यांचं सरासरी तापमान चढं राहण्याची शक्यता किती, हे त्यातून कळतं. अमुक दुपारी पाचोळा किती वाळेल ते कळत नाही. त्यासाठी रोजची दुपारची आर्द्रता आणि वारा बघावा लागतो. आपण मात्र पाऱ्याच्या आकड्यांमागे धावतो. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राचा ५६ अंशांचा आकडा मोबाइलवर फिरला. तो बिघडलेल्या सेन्सरचा होता, पण खुलासा फार थोड्यांपर्यंत पोहोचला.

दुसरा जुना समज म्हणजे बांबूवर बांबू घासून वणवा लागतो. लाकूड पेटायला ३०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. हिरव्या बांबूत पाणी असतं आणि ते आटेपर्यंत तापमान शंभरापुढे जाऊ शकत नाही. आपल्याकडचे बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. बांबूवर ढकललं की कुणालाच विचारावं लागत नाही, म्हणून हा समज टिकला आहे.

मोहफुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची पानं पेटवतात. यात दुष्टपणा नाही. त्या दोन-तीन आठवड्यांच्या वेचणीवर घरं चालतात. पहाटेच्या आठ टक्क्यांत ती आग गुडघ्याखाली राहते, रांगत जाते, विझल्यासारखी दिसते. पण ती एखाद्या ओंडक्यात शिरून धुमसत राहते आणि दुपारी तीन टक्क्यांच्या पाचोळ्यात बाहेर येते. उतारावर तर ज्वाळा वरच्या पानांवर झुकून त्यांना आधीच वाळवते, त्यामुळे चढाकडे आग धावतच जाते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. हातात हिरव्या फांद्या आणि ब्लोअर घेऊन दुपारच्या आगीसमोर उभं राहणं काय असतं, हे वनमजुरांना विचारावं. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली, नाहीतर पानं झाडून बाजूला केली, तरी फुलं वेचता येतात. काही गावांत तसं करतातही.

आज पहाटे एका मोहाखाली ओंडका धुमसताना दिसला. शेजारच्या दादांनी आणि मी दोन बादल्या ओतल्या, तरी खालच्या बाजूला हात नेला की धग लागत होती. तिसरी बादली घेऊन परतलो तेव्हा साडेनऊ झाले होते, आणि पायाखालची पानं वाजायला लागली होती.