कोमुनाल्का की ख्रुश्चोव्का? आधी स्वयंपाकघर बघा

सोव्हिएत घरांचा विषय निघाला की कोमुनाल्का (अनेक कुटुंबांत वाटलेला एकच फ्लॅट) आणि ख्रुश्चोव्का (ख्रुश्चेव्हच्या काळातली पाच मजली इमारत) हे दोन शब्द हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्ही घरं अडचणीची, दोन्ही सरकारी मालकीची, त्यामुळे घोटाळा साहजिक आहे. पण पहिलीतून सुटून दुसरीत जायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसायचे. त्यांना कुणी ‘दोन्ही सारखंच’ म्हटलं असतं तर ते बहुधा हसले असते.

कोमुनाल्का हा इमारतीचा प्रकारच नव्हे. १९१७च्या क्रांतीनंतर पेत्रोग्राद (आजचं सेंट पीटर्सबर्ग) आणि मॉस्कोतल्या श्रीमंतांच्या प्रशस्त फ्लॅटांत खोलीमागे एक कुटुंब घुसवलं गेलं. या कारवाईचं नाव होतं ‘उप्लोत्नेनिये’, म्हणजे दाटी करणं. सरकारी भाषा एवढी प्रामाणिक क्वचितच असते! उंच छतावर जुनी नक्षी, आणि त्या नक्षीला मधोमध कापत जाणारं पार्टिशन. बाहेरच्या दारावर चिठ्ठी: अमक्यांसाठी घंटा एकदा, तमक्यांसाठी तीनदा. संडासात प्रत्येक कुटुंबाचा वेगळा दिवा, त्याचं बटण आपापल्या खोलीत. वीजबिलाची भांडणं नकोत म्हणून. कमोडची सीटसुद्धा ज्याची त्याची, भिंतीवर खिळ्याला टांगलेली. फोन एकच, तोही कॉरिडॉरमध्ये, म्हणजे बोलणं सगळ्या घराला ऐकू जाणार.

ख्रुश्चोव्का मात्र खरोखरच इमारत आहे. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, १९५५मध्ये, बांधकामातल्या ‘अतिरेकी’ सजावटीवर बंदी आली आणि ३१ जुलै १९५७च्या ठरावानं घरबांधणीचा धडाका सुरू झाला. विताली लागुतेन्को या अभियंत्याची के-७ ही इमारतींची मालिका प्रसिद्ध आहे: कारखान्यात काँक्रीटचे तुकडे ओतायचे, जागेवर आणून जोडायचे. मजले पाचच, कारण त्याहून उंच गेलं की लिफ्ट द्यावी लागली असती. छत जेमतेम अडीच मीटर, भिंती कागदासारख्या. स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचं, खिडकीखाली भिंतीतच एक कपाट. हिवाळ्यात तोच फ्रिज. लोकांनी ‘त्रुश्चोबा’ (गलिच्छ वस्ती) या शब्दाशी नाव जुळवून ‘ख्रुश्चोबा’ केलं.

पण त्या इवल्याशा स्वयंपाकघराला दार होतं, आणि आत फक्त घरचीच माणसं असायची. माझ्या मते खरा फरक इथे आहे. कोमुनाल्कातल्या सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येकीचं टेबल वेगळं आणि बर्नर वेगळा. तिथे मनातलं बोलायची सोय नव्हती, शेजारी चुगली करील ही धास्ती होती. साठच्या दशकात ज्या ‘स्वयंपाकघरातल्या गप्पा’ प्रसिद्ध झाल्या (टाइप केलेल्या बंदी घातलेल्या कविता, टेपवर फिरणारी गिटारवरची गाणी, राजकारणावरचे विनोद), त्यांना असं बंद दार लागत होतं. पातळ भिंतींचा प्रश्न होताच. त्यावर रेडिओ मोठा लावायचा किंवा नळ सोडून ठेवायचा.

आणखी एक गल्लत. १ जानेवारी १९७६ला टीव्हीवर पहिल्यांदा दाखवलेल्या ‘नशिबाची थट्टा’ या चित्रपटात नायक दारूच्या नशेत भलत्याच शहरातल्या हुबेहूब तशाच फ्लॅटमध्ये शिरतो. त्या इमारतींना बरेच जण ख्रुश्चोव्का समजतात. त्या पुढच्या, ब्रेझनेव्हच्या काळातल्या. उंच आणि लिफ्टवाल्या.

आज चित्र उलटंपालटं झालंय. मॉस्कोनं २०१७मध्ये पाच हजारांवर जुन्या इमारती पाडायचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात बहुतेक ख्रुश्चोव्का. तर त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले: हिरव्यागार आवारातलं, आता स्वतःच्या नावावर झालेलं घर सोडायला अनेक जण तयार नव्हते. आणि सेंट पीटर्सबर्गच्या मध्यवर्ती भागात नक्षीदार छतांखाली कोमुनाल्का अजून नांदताहेत.