औद्योगिक नियंत्रण प्रणालींतील मालवेअर

वीजनिर्मिती व वीजवहन, खाणी, धरणांची दारे, पाणीपुरवठा, सिमेंट आणि पोलाद यांसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष यंत्रे चालवणाऱ्या संगणकीय प्रणालींत शिरून त्यांचे काम बिघडवणारे, बंद पाडणारे किंवा त्यांच्यावर गुपचूप पाळत ठेवणारे घातक प्रोग्रॅम. कचेरीतल्या संगणकात मालवेअर शिरले तर माहिती चोरीला जाते किंवा खंडणीसाठी अडकवून ठेवली जाते. नियंत्रण प्रणालीत शिरले तर ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) पडतो, झडप उघडी राहते, भट्टीचे तापमान भलतेच दाखवले जाते आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून या धोक्याचा विचार माहितीच्या सुरक्षेपेक्षा यंत्राच्या आणि माणसाच्या सुरक्षेच्या अंगाने करावा लागतो.

विदर्भाशी या विषयाचा संबंध कोळसा आणि वीज यांमुळे थेट येतो. चंद्रपूर (२,९२० मेगावॉट), तिरोडा (३,३०० मेगावॉट), मौदा (२,३२० मेगावॉट), कोराडी, खापरखेडा आणि पारस ही औष्णिक केंद्रे या भागात आहेत. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची ५०० केव्हीची एकदिश (डीसी) वाहिनी शेतशिवारांवरून गेलेली आहे, तर भद्रावती येथे पश्चिम आणि दक्षिण भारताच्या ग्रिडना जोडणारे १,००० मेगावॉट क्षमतेचे केंद्र आहे. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडून ती फार घसरली, की आधीच ठरवून ठेवलेले फीडर (गावोगाव वीज नेणाऱ्या वाहिन्या) रिले ही संरक्षक उपकरणे आपोआप तोडतात. त्यामुळे हल्ला शेकडो किलोमीटर दूर झाला, तरी यवतमाळ किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तो केवळ ‘लाईन गेली’ एवढ्याच रूपात कळू शकतो. आणि लाईन जाणे इथे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यामागे काही वेगळे कारण असेल अशी शंकाही सहसा कोणाला येणार नाही.

या प्रणालींची रचना समजण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणचे एखादे ३३/११ केव्ही उपकेंद्र पाहावे. नियंत्रण कक्षात ओळीने उभ्या पॅनेलवर प्रत्येक फीडरचा एक रिले, ब्रेकर पाडण्या-चढवण्यासाठी हाताने फिरवायचा एक टीएनसी स्विच आणि लाल-हिरवे दिवे असतात. ऑपरेटर दर तासाला अँपिअर आणि व्होल्टेज वाचून लॉगशीटवर लिहितो. पूर्वीचा रिले चकती आणि स्प्रिंगवर चालणारा होता. आजचा रिले हा स्वतःच एक छोटा संगणक असून त्याच्या दर्शनी भागावरील पोर्टला लॅपटॉप जोडून चाचणी अभियंता त्यात सेटिंग भरतो. मोठ्या उपकेंद्रांतून ही माहिती आरटीयू नावाच्या उपकरणामार्फत, वीजनिर्मिती आणि मागणी यांचा मेळ राखणाऱ्या भारप्रेषण केंद्राकडे जाते. राज्याचे असे केंद्र ऐरोलीला आणि विदर्भासाठीचे नागपूरच्या अंबाझरीला आहे. कारखान्यांत हेच काम पीएलसी हा यंत्रे चालवणारा छोटा संगणक करतो. औष्णिक केंद्रातील कोळसा वाहून नेणारा पट्टा, सिमेंटची भट्टी आणि जिनिंग-प्रेसिंगमधली गाठी बांधणारी यंत्रणा यांच्या हालचाली पीएलसीतील प्रोग्रॅम ठरवतो, आणि ऑपरेटर पडद्यावर त्याचे चित्र पाहतो. पडद्यावरील चित्र आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यात जे अंतर असते, तेथेच मालवेअरला वाव मिळतो.

या यंत्रणा दुबळ्या असण्याची कारणे निष्काळजीपणापेक्षा त्यांच्या घडणीत अधिक आहेत. मॉडबस हा उद्योगांत आजही सर्रास वापरला जाणारा संदेशनियम १९७९ मधला असून, आज्ञा कोणी दिली याची शहानिशा करण्याची सोय त्यात मुळातच नाही. जाळ्यात शिरलेल्या कोणाचीही आज्ञा यंत्र मानते. नियंत्रण प्रणाली वीस-पंचवीस वर्षे चालावी अशा हिशेबाने बसवली जाते, तर तिच्या संगणकांत असणाऱ्या विंडोज एक्सपीचा आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या) २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चा २०२० मध्ये संपला. दुरुस्तीचा पॅच टाकायचा तर संच बंद करावा लागतो, आणि संच बंद होतो तो वार्षिक ओव्हरहॉलमध्ये. शिवाय पुरवठादार कंपनीने तपासून दिल्याशिवाय नवा पॅच टाकण्यास व्यवस्थापन धजत नाही, आणि त्यात त्याची चूकही म्हणता येत नाही.

‘आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही’ हा यावरचा नेहमीचा खुलासा असतो, पण तो बहुधा कागदावरच खरा असतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर हा स्वतःहून पसरणारा संगणकीय किडा (वर्म) शिरला, तो एका कंत्राटदाराच्या जोडणीतून, फायरवॉलला वळसा घालून. सुरक्षेची मापे दाखवणारी प्रणाली त्यामुळे सुमारे पाच तास बंद राहिली. अणुभट्टी तेव्हा आधीच बंद होती म्हणून निभावले. विदर्भातील लहान कारखान्यांत कंत्राटदाराच्या जागी नागपूरहून आलेला एजन्सीचा माणूस, त्याचा चार ठिकाणी लावलेला लॅपटॉप आणि खिशातला पेन ड्राइव्ह असतो. रात्रपाळीत नियंत्रण कक्षातील संगणकाला चार्जिंगसाठी लावलेला मोबाइलही याच मार्गांत मोडतो.

या प्रकारातील सर्वांत अभ्यासलेले मालवेअर म्हणजे जून २०१० मध्ये उघडकीस आलेले स्टक्सनेट. इराणमधील नतांझ येथे युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरणारी यंत्रे) हे त्याचे लक्ष्य होते. पेन ड्राइव्हमधून विंडोज संगणकात शिरून ते सीमेन्सच्या पीएलसीचा शोध घेई आणि त्याला ८०७ ते १,२१० हर्ट्झवर चालणारे, मोटरचा वेग ठरवणारे विशिष्ट ड्राइव्ह जोडलेले आढळले तरच पुढची हालचाल करी. मग त्यांची वारंवारता १,४१० हर्ट्झपर्यंत चढवून, नंतर २ हर्ट्झपर्यंत उतरवून फिरते भाग निकामी करी. अभियंत्याने पीएलसीतील प्रोग्रॅम उघडून पाहिला, तरी त्याला आपला मूळ प्रोग्रॅमच दिसत असे. लक्ष्य इराण असले तरी प्रसार तेथे थांबला नाही; इराण आणि इंडोनेशियानंतर सर्वाधिक लागण भारतातील संगणकांना झाली होती. इथे काही बिघडले नाही ते आपल्या सावधगिरीमुळे नव्हे, तर आपण त्याचे सावज नव्हतो म्हणून.

वीजवितरणाच्या दृष्टीने युक्रेनमधील २३ डिसेंबर २०१५ ची घटना अधिक महत्त्वाची ठरते. कर्मचाऱ्यांना आलेल्या ईमेलमधील वर्ड फाइलीतून ब्लॅकएनर्जी हे मालवेअर कित्येक महिने आधी तीन वितरण कंपन्यांत शिरले होते. त्या दिवशी हल्लेखोरांनी दुरूनच उपकेंद्रांचे ब्रेकर एकामागून एक उघडले, संगणकांतील माहिती पुसून टाकली, संदेश वाहून नेणाऱ्या उपकरणांतील मूळ सॉफ्टवेअर खराब केले आणि तक्रार केंद्राचे फोनही खोट्या कॉल्सनी अडवून ठेवले. सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. तरीही काही तासांत वीज परत आली, कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने चढवले. ग्रामीण विदर्भातील मानवचलित उपकेंद्र मागासलेले म्हणून हिणवले जाते. या बाबतीत मात्र तेच त्याचे बळ आहे, आणि दूरनियंत्रण आणताना हाताने चालवण्याची सोय व ते जाणणारा ऑपरेटर दोन्ही काढून टाकणे शहाणपणाचे ठरणार नाही.

यानंतर इंडस्ट्रॉयर (कीव्ह, डिसेंबर २०१६) हे थेट वीज उपकेंद्रांच्या संदेशनियमांत आज्ञा देणारे मालवेअर आले. ट्रायटनने २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात सुरक्षा यंत्रणेलाच हात घातला. जानेवारी २०२४ मध्ये फ्रॉस्टीगूपने मॉडबसचा वापर करून युक्रेनमधील ल्विव्ह शहरातल्या ६०० हून अधिक इमारतींची उष्णता ऐन थंडीत तोडली. खंडणीखोर मालवेअरला तर पीएलसीपर्यंत जाण्याचीही गरज नसते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन बंद करावी लागली, ती कार्यालयीन संगणक अडकल्यामुळे. कोळसा खाणीत वजनकाट्याचा संगणक अडकला तर खाण धडधाकट असूनही ट्रकांची रांग हलणार नाही, हा त्याचाच स्थानिक अवतार होय.

भारतात कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यात डीट्रॅक हे मालवेअर आढळल्याचे ३० ऑक्टोबर २०१९ रोजी मान्य करण्यात आले. नियंत्रण प्रणाली त्यापासून अलग होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, त्याविषयी मात्र मतभेद आहेत. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री आणि काटोलचे तेव्हाचे आमदार अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन मालवेअरचा संशय बोलून दाखवला, तर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हेच कारण सांगितले. संगणकात मालवेअर सापडणे आणि त्यानेच वीज घालवणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, दुसरी सिद्ध झालेली नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७० नुसार शासन एखादी प्रणाली ‘संरक्षित’ घोषित करू शकते, आणि कलम ७०क खाली २०१४ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या माहिती पायाभूत सुविधांसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. मोठ्या वीजकेंद्रांना हे पेलते. सौर कृषिपंपावरचे सिमकार्ड बसवलेले निगराणी यंत्र, गावच्या पाणीपुरवठ्याचा स्वयंचलित पंप किंवा जिनिंगमधला पीएलसी यांच्याकडे मात्र या चौकटीतून क्वचितच पाहिले जाते. अशा ठिकाणी लागण झाल्यास यंत्र हाताने चालवण्यावर आणणे, जाळ्याची तार काढणे, संगणक घाईने फॉरमॅट न करणे आणि पीएलसीत प्रोग्रॅम नव्याने भरणे हा क्रम सांगितला जातो. त्यासाठी प्रोग्रॅमची स्वच्छ प्रत हाताशी लागते. लहान कारखान्यांत ती अनेकदा यंत्र बसवून गेलेल्या अभियंत्याच्या लॅपटॉपखेरीज दुसरीकडे कोठेही नसते.