इमर्जन्सी डिपॉझिट

इमर्जन्सी डिपॉझिट म्हणजे अचानक आणलेल्या सिरियस पेशंटला प्रायव्हेट हॉस्पिटलात अ‍ॅडमिट करून घेण्याआधी किंवा घेता घेता नातेवाईकांकडून आगाऊ भरून घेतली जाणारी रक्कम. महाराष्ट्रात याला नुसतं 'डिपॉझिट' म्हणतात, घरभाड्याचं असतं तसंच, फरक एवढाच की हे शेवटच्या बिलात वळतं होतं आणि बहुतेक वेळा पुरत पण नाही. कायद्याने इमर्जन्सीत पैशासाठी उपचार अडवता येत नाहीत. प्रत्यक्षात कॅज्युअल्टीतून, म्हणजे इमर्जन्सी विभागातून, आयसीयूत जायचा रस्ता बिलिंग काउंटरवरून जातो, हे ज्याच्या घरातलं कोणी रात्री-अपरात्री अ‍ॅडमिट झालंय त्याला वेगळं सांगायला नको.

काउंटरवर काय होतं

रात्री दोन-अडीचची वेळ धरा. आत पेशंटचा ईसीजी निघालाय, ऑक्सिजन लागलाय, आणि पडद्याबाहेर आवाज येतो, "पेशंटबरोबर कोण आहे? खाली जाऊन फाईल बनवून घ्या." खाली काउंटरवरचा मुलगा आधार कार्ड मागतो, मेडिक्लेम आहे का विचारतो, आणि मग एस्टिमेट सांगतो, म्हणजे साधारण खर्च एवढा येईल, आत्ता एवढे भरा. इथून फोनाफोनी सुरू होते. मेहुणा, ऑफिसातला मित्र, गावाकडचा काका. एकमेकांना पाठवताना यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण 1 लाख, त्यामुळे चौघा-पाचजणांकडून तुकड्या-तुकड्याने पैसे गोळा होतात. हॉस्पिटलला थेट भरायची मर्यादा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर करून 5 लाखांवर नेली, चांगलं झालं, पण खात्यात तेवढे असतील तर ना! बरेचदा सोनं सकाळी गहाण पडतं आणि पहिली पावती मात्र रात्रीच लागते.

मेडिक्लेमवाल्यांचीही सुटका नाही. कॅशलेसची, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट हॉस्पिटलला भरायची, मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरा, नंतर रिफंड करू, असं सांगतात. विमा नियामक आयआरडीएआयने मे 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्या असं कंपन्यांना बजावलंय.

पैसे उभे राहिलेच नाहीत तर 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घेऊन जातोय अशी सही. कागदावर ती नातेवाईकाची मर्जी दिसते. किती डामा हे मर्जीचे आणि किती पाकिटाचे, हे त्या कागदावरून कधीच कळत नाही, आणि तो पेशंट पुढे कुठे गेला, वाचला की नाही, तेही त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डला येत नाही.

हॉस्पिटल डिपॉझिट का मागतं

याचं सोपं उत्तर हाव असं आहे आणि ते काही ठिकाणी बरोबरही आहे, पण पूर्ण नाही. कॅज्युअल्टी ही चोवीस तास उघडी ठेवावी लागते. ड्युटी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय तीन पाळ्यांत, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, ऑन-कॉल सर्जन, भूलतज्ज्ञ, कॅथलॅबचा (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) स्टाफ, हे सगळं पेशंट येवो न येवो तयार लागतं. फायर ब्रिगेडसारखं. फायर ब्रिगेडचा पगार महापालिका देते, आग लागलेल्या घराचा मालक नाही. प्रायव्हेट कॅज्युअल्टीच्या तयारीचा पगार मात्र ज्या दिवशी जो पेशंट येईल त्याच्या बिलातून काढायचा असतो. म्हणून कॅज्युअल्टीकडे मॅनेजमेंट वरच्या बेडांचं दार म्हणून बघतं: इथून किती अ‍ॅडमिशन वर गेली, त्यातली किती पैसे भरणारी.

बेवारस पेशंट पोलीस घेऊन येतात, अपघातवाल्यासोबत कोणीच नसतं, बिल बुडतं, आणि ते पुढच्याच्या बिलात कुठेतरी मिसळतं. पगार वाचवायला छोट्या हॉस्पिटलात रात्रीच्या ड्युटीला बीएएमएस, बीएचएमएस म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीवाले आरएमओ (ड्युटी डॉक्टर) असतात, जे खूप काम करतात पण ज्यांना या कामाचं वेगळं शिक्षण कोणी दिलेलं नसतं. इमर्जन्सी मेडिसिन ही एमडीची स्वतंत्र शाखा म्हणून आपल्याकडे 2009 मध्येच मान्य झाली.

आणि गिऱ्हाईक? साडी घेताना चार दुकानं फिरता येतात, छातीत कळ आल्यावर चार हॉस्पिटलांचे रेट विचारत कोणी फिरत नाही. घासाघीस करायला वेळ नाही, दुसरीकडे जायची हिंमत नाही, काय लागणार ते फक्त समोरच्याला माहीत. शिवाय कुठल्या दारात जायचं हेही कधी कधी अ‍ॅम्ब्युलन्सवाला ठरवतो, आणि त्याला त्याचा 'कट', म्हणजे कमिशन, मिळतो. कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा राज्य सरकारच्या समितीने 2017 मध्ये केला होता, तो मसुदाच राहिला. स्टेंटचं बघा, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने किमती बांधल्या, औषधवाला स्टेंट 29,600 आणि साधा 7,260 रुपये, त्याआधी औषधवाला स्टेंट लाखाच्या वर लावला जायचा. म्हणजे अडलेल्या माणसाकडून किती घेता येतं त्याचा हिशोब सगळ्यांना आधीपासून माहीत होता.

वेळ आणि पेशंटचं पुढे काय होतं

डिपॉझिटच्या पैशाइतकीच त्याची मिनिटं महत्त्वाची. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये पेशंट दारात आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी आणि 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी हे जगभर धरलेलं गणित आहे, ती सोय नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन अर्ध्या तासाच्या आत. पक्षाघातात गुठळीचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांपर्यंतच देता येतं, त्यातही आधी सीटी स्कॅन व्हायला हवा. आता यात गावातल्या डॉक्टरकडे गेलेला तास, तालुक्याहून शहरात यायचे दोन तास धरा, मग काउंटरवरच्या पाऊण तासाला काय किंमत आहे ते कळतं. हार्ट अटॅकच्या इंजेक्शनांमध्येही दोन दर: जुनं स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त पण सावकाश सलाईनमधून द्यायचं, टेनेक्टेप्लेज एका दमात देता येतं पण कितीतरी महाग. कुठलं द्यायचं हे विचारायला डॉक्टर बाहेर येतो तेव्हा तो प्रश्न मेडिकल कमी आणि पाकिटाचा जास्त असतो.

पैशाची आणि रस्त्याची व्यवस्था आधीच लावून ठेवली तर फरक पडतो याचा आपल्या देशातला चांगला दाखला तमिळनाडूचा आहे. तिथे छोटी हॉस्पिटलं मोठ्या कॅथलॅबवाल्या हॉस्पिटलांशी जोडली, अ‍ॅम्ब्युलन्समधून ईसीजी पाठवायची सोय केली, गरिबांचा खर्च सरकारी विमा योजनेवर टाकला. 2017 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात हार्ट अटॅकनंतर वर्षभरातले मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आल्याचं दिसलं. हॉस्पिटलमध्ये असतानाच्या मृत्यूंत मात्र मोठा फरक नव्हता, हेही सांगायला हवं.

कायदा काय म्हणतो

सुप्रीम कोर्टाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य, सरकारी असो की खासगी, पोलिसांची कागदपत्रं नंतर. त्या प्रकरणात स्कूटरवाल्या जखमीला 'ही मेडिकोलीगल (पोलिसांत नोंद लागणारी) केस आहे, 20 किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात न्या' म्हणून परत पाठवलं होतं आणि तो वाटेत गेला. 1996 मध्ये पश्चिम बंगालमधल्या दुसऱ्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी बेड नाही म्हणून फिरवलं होतं, तिथे कोर्टाने सरकारला नुकसानभरपाई द्यायला लावली.

महाराष्ट्रात ट्रस्टच्या म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलांचं प्रकरण वेगळं आहे. मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेली योजना 2006 पासून लागू आहे: 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या 2 टक्के रक्कम गरिबांच्या फंडात. त्याच योजनेत स्पष्ट लिहिलंय की इमर्जन्सी पेशंटला लगेच घ्यायचं, स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे, डिपॉझिट मागायचं नाही. तरी एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलने गरोदर बाईच्या घरच्यांकडे 10 लाखांचं डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला. दुसऱ्या हॉस्पिटलात जुळ्या मुली झाल्या आणि आई गेली. त्यानंतर हॉस्पिटलने जाहीर केलं की इमर्जन्सीत आता डिपॉझिट घेणार नाही. जे 2006 पासून घ्यायचंच नव्हतं ते!

या सगळ्या निकालांत आणि नियमांत उपचार करा असं ठणकावून सांगितलंय, पैसे कोण देणार हा मुद्दा मात्र अर्धाच सुटलाय. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने हेच झालं, पेशंटला तपासून स्थिर करणं बंधनकारक, खर्चाची वेगळी तरतूद नाही. मग नकार सरळ येत नाही. पैसे नाहीत म्हणून घेत नाही असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, "आयसीयू फुल आहे", "व्हेंटिलेटर रिकामा नाही", "न्यूरोसर्जन बाहेरगावी आहेत", "सरकारीत न्या, तिथे जास्त चांगलं होईल". यातलं खरं किती ते स्ट्रेचर ढकलणाऱ्याला तपासता येत नाही.

पैसे भरणारे इतर

108 ची अ‍ॅम्ब्युलन्स राज्यात जानेवारी 2014 पासून आहे, 937 गाड्यांनी सुरू झाली, फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत उपचार मोफत झाले. महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने 8 जिल्ह्यांत आली होती, तिचं कव्हर दीड लाखांवरून 5 लाखांवर गेलंय. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला गाठलं तर बरंच काम होतं, पण हॉस्पिटल योजनेत असावं लागतं आणि आजार पॅकेजच्या यादीत. हॉस्पिटलवाल्यांची तक्रार अशी की पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि क्लेमचे पैसे लटकतात, म्हणून मोठी नावं योजनेपासून लांब राहतात.

रस्ते अपघातासाठी मे 2025 मध्ये केंद्राची कॅशलेस योजना आली. अपघाताच्या दिवसापासून 7 दिवस, 1.5 लाखांपर्यंत. डोक्याला मार लागलेला पेशंट सातव्या दिवशी अनेकदा व्हेंटिलेटरवरच असतो, आणि त्या दिवशी काउंटरवरून पुन्हा फोन येतो.