आयपी कळला म्हणजे घर सापडलं? छे!

"तुझा आयपी काढलाय, आता घरी येतो" अशी धमकी ग्रुपमधल्या भांडणात अजूनही दिली जाते, आणि लोक घाबरतातही. त्यात दम नाही. आयपी म्हणजे नेटवर्कवर फोनला किंवा राउटरला मिळणारा नंबर.

मुळात कोणता आयपी, ते बघा. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये १९२.१६८.१.५ असं काहीतरी दिसतं. तो तुमच्या राउटरनं घरापुरता दिलेला नंबर. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर १९९६ च्या मानकानुसार खासगी नेटवर्कसाठी राखीव आहेत. नागपुरात मानेवाड्यातल्या तुमच्या घरात जो आहे, तोच शेजाऱ्याकडेही असू शकतो. त्याचा स्क्रीनशॉट कुणाकडे गेला तर जाऊ द्या.

बाहेर दिसतो तो पब्लिक आयपी. गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा, पण व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद करून; नाहीतर व्हीपीएनच्याच सर्व्हरचा नंबर दिसेल. त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या साइट्स अंदाजच बांधतात. नागपूरच्या धरमपेठेत बसलेल्या माणसाला त्या खुशाल मुंबईत नेऊन बसवतात! मोबाइल डेटावर तर अनेकदा एकच पब्लिक आयपी एका वेळी अनेक ग्राहक वापरतात. ब्रॉडबँडवरही तसंच असू शकतं: राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा 'वॅन आयपी' (इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला नंबर) १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमचा पब्लिक आयपीही वाटून वापरलेला आहे.

पोलिसांची गोष्ट वेगळी. आयपी, नेमकी वेळ आणि गरज पडल्यास पोर्ट नंबर (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) देऊन ते इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाची माहिती मागवू शकतात. भांडखोर ग्रुप-मेंबरला ती सोय नाही.