शुक्रवारचा नेम : पार्श्वभूमी

1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये मराठ्यांनी ती घेतली. सत्ता बदलली, कॅथलिकांचा उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, मात्र राहिला. 1823 मध्ये बाणकोटला आलेल्या स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी शाळा आणि बायबलवाचनावर भर दिला. पण किनाऱ्यावरच्या कॅथलिक गावांत मनाला आवर घालायची सवय लागली ती वर्षभराच्या नेमांतून. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेली पाने पुढच्या वर्षी घरोघरून चर्चमध्ये परत येतात, जाळली जातात, आणि उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, त्याच राखेचा क्रूस कपाळावर ओढला जातो. तिथून ईस्टरपर्यंत लग्नाचा बँड वाजत नाही.

खरा वाद झाला तो 1966 च्या निर्णयावरून. तोवर वर्षातल्या प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य होते आणि नेम मोडला तर ते पाप समजले जाई. त्या वर्षी फेब्रुवारीत रोमहून निघालेल्या आदेशाने शुक्रवार प्रायश्चित्ताचाच दिवस ठेवला. मात्र मांसत्यागाऐवजी प्रार्थना किंवा दानधर्म चालेल का, हे ठरवण्याची मुभा त्या त्या देशातल्या बिशपांना दिली. आदेश नीट वाचला तर त्यात सूट कमी आणि जबाबदारी जास्त आहे. पण गावात पोहोचले ते एवढेच, की आता शुक्रवारी चालते. जुन्या मंडळींना ते लागले, आणि त्यात चूक काय होती? सगळे गाव मिळून पाळत असलेला नेम एकट्याने पाळणे कठीणच.

दुसरी बाजूही खरी आहे. या नेमात मासळीला कधीच बंदी नव्हती. जिथे मांस रोजचे, तिथे तो त्याग ठरतो. कोळ्याच्या घरी कोंबडी-मटण सणासुदीला, मासळी रोजची. पानात पापलेटचे कालवण आणि सुक्या बोंबलाची चटणी असताना मटण सोडले, तर सोडले काय? म्हणून ज्यांना मनापासून काही सोडायचे असे, ते नेमाबाहेरचे सोडत: कोणी माडी, कोणी मशेरी, कोणी चहातली साखर.

बायबलचा कलही तिकडेच आहे. मनावर ताबा नसलेला माणूस म्हणजे तट ढासळलेले नगर, असे नीतिसूत्रे सांगतात. यशया संदेष्टा भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याला उपास म्हणतो. येशू सांगतो, उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. लोकांना कळू देऊ नका. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात संयम हे पवित्र आत्म्याचे फळ आहे, निव्वळ जिद्दीची कमाई नव्हे. माझ्या मते 1966 चा निर्णय योग्यच होता. चुकले ते इतकेच, की स्वतःचा नेम स्वतः कसा निवडायचा हे शिकवण्याआधीच जुना नेम सैल झाला.

1983 च्या चर्च कायद्याने तीच चौकट कायम ठेवली आणि उपास राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरता, 18 ते 59 वयाच्यांना बंधनकारक ठेवला. दारूचा प्रश्न या चौकटीत कधी मावलाच नाही. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तरी हातभट्टी पेटतच राहिली. आता दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका चर्चच्या आवारातही भरतात. तिथे आयुष्यभराची शपथ घेत नाहीत. दारूपुढे आपले काही चालत नाही हे आधी कबूल करायचे, देवाकडे मदत मागायची आणि फक्त आजचा दिवस प्यायची नाही, असा तिथला क्रम आहे.