अध्यापनासाठीचे लघु विदासंच

संख्याशास्त्राच्या अध्यापनासाठी जमवून सर्वांना खुले केलेले, मोजक्या नोंदींचे संच. आकार दहा-बारा ओळींपासून काहीशे ओळींपर्यंत असतो. डोळ्यांखालून घालता येईल एवढाच पसारा. नोंदी बहुधा खऱ्या अभ्यासांतल्या असतात, पण मुद्दाम रचलेले संचही या परंपरेत मानाने बसतात. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले. चौघांचे माध्य (सरासरी), विचरण (आकड्यांचा विखुरलेपणा) आणि सहसंबंध (दोन मापे किती एकत्र बदलतात ते; सुमारे ०.८१६) जवळजवळ सारखे, आलेख काढला की मात्र चार निराळ्या आकृत्या.

असे संच पूर्वी पाठ्यपुस्तकांतूनच फिरत. १९९४ मध्ये डेव्हिड हँड आणि सहकाऱ्यांनी सुमारे पाचशे संच एका ग्रंथात एकत्र आणले. अशा संचांची ‘डेटा अँड स्टोरी लायब्ररी’ इंटरनेटवरही आली. तिच्या नावातला ‘स्टोरी’ हा शब्द शोभेचा नाही. आकडे कोणी, कशासाठी, कसे मोजले याची हकिगत सोबत नसेल, तर उत्तरच बदलू शकते.

‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीसोबत येणारा ‘स्लीप’ हा संच पाहावा. कुशनी आणि पीबल्स यांच्या १९०५ मधल्या या नोंदी ‘स्टूडंट’ (संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांचे टोपणनाव) यांनी १९०८ च्या लेखात उदाहरणादाखल घेतल्या. रुग्ण १०, झोपेची औषधे दोन आणि प्रत्येक औषधामुळे झोपेत पडलेला फरक तासांत. दोन्ही औषधे त्याच दहा जणांना दिली होती. हे ठाऊक नसताना दोन स्वतंत्र गट धरून टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक पारखणारी) लावली तर पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) ०.०७९ येते, जोड्या धरून लावली तर ०.००२८. आकडा एकही बदललेला नसतो! गंमत म्हणजे खुद्द ‘स्टूडंट’ यांच्याच लेखात औषधांची नावे चुकली होती.

नकलांमधून चुका शिरतात त्या वेगळ्याच. एडगर अँडरसन यांनी मोजलेल्या आयरिस फुलांचा संच (तीन जाती, प्रत्येकी ५० फुले, चार मापे) रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये छापला. यंत्र-अध्ययनाच्या (संगणकाला नोंदींवरून शिकवण्याच्या शास्त्राच्या) एका नावाजलेल्या संग्रहातून फिरलेल्या त्याच्या प्रतीत ३५व्या आणि ३८व्या फुलांची काही मापे मूळ लेखाशी जुळत नाहीत. म्हणून संच वाटताना मूळ स्रोत, एकके, गाळलेल्या नोंदी आणि वापराची परवानगी या गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. नुसती फाइल पुढे ढकलणे सोपे असते, आणि बहुतेक वेळा तेवढेच होते.

काही संच वापरातून काढलेही जातात. १९७८ च्या एका अभ्यासातला बॉस्टनमधील घरांच्या किमतींचा ५०६ ओळींचा संच वर्षानुवर्षे समाश्रयण (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची रीत) शिकवायला वापरला गेला. त्यातला एक स्तंभ वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून बेतलेला आहे. त्यावरून आक्षेप आल्यावर ‘सायकिट-लर्न’ या यंत्र-अध्ययनाच्या संगणकप्रणालीने १.२ या आवृत्तीपासून तो संच वगळला.